अवकाशात पेटवलेला दिवा

या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत कौतुक जास्त आणि प्रश्न कमी असतात. म्हणून एका वायरमन बांधवाचे पोस्टकार्ड आले तेव्हा बरे वाटले. कार्डाच्या दोन्ही बाजू आणि पत्त्याच्या शेजारची मोकळी जागासुद्धा त्यांनी भरून काढली होती. जयंतीच्या आणि लग्नाच्या मांडवात लाईट लावण्याचे काम ते बरीच वर्षे करतात. त्यांच्या पत्रात तीन प्रश्न आहेत.

पहिला असा, की भर कार्यक्रमात लाईट गेली. दोनच मिनिटांत जनरेटर चालू केला. ट्यूबलाईटी लगेच लागल्या, पण खांबावरचे मोठे हॅलोजन दहा-बारा मिनिटे काळेच राहिले. व्यासपीठावरच्या मंडळींनी वायरमनलाच बोल लावला. दोष कोणाचा?

दुसरा असा, की या दिव्यांच्या खोक्यावर दिवा उभा लावावा की आडवा लावावा, याची खूण असते. ठेकेदार म्हणतो, कसाही लाव, उजेड तो उजेड. पण उलटसुलट लावलेल्या दिव्याचा रंग काही दिवसांनी हिरवट दिसू लागतो. असे का होते?

तिसरा प्रश्न त्यांच्या दहावीतल्या मुलामुळे आला आहे. मुलगा म्हणतो, असले दिवे शास्त्रज्ञांनी अवकाशात नेऊन पेटवून पाहिले आहेत. वडिलांना ही थाप वाटते. आणि पुढे ते लिहितात, "खरे असेल तर हे काय चालले आहे? आमच्या गल्लीत खांब आहे पण दिवा नाही, आणि हे लोक दिवा आभाळात नेतात!"

पहिल्यांदा हे सांगून टाकतो, की मुलगा थाप मारत नाही. असे दिवे अवकाशात नेले होते, आणि एकदा नाही तर निदान दोनदा. त्यातल्या पहिल्या वेळी ज्या माणसाच्या हाती ते काम होते, त्याची हकीकत आपल्या घराघरांत माहीत असायला हवी होती. ती पुढे येईलच. आधी दिव्याच्या पोटात काय चालते ते पाहू.

ज्याला आपण सरसकट हॅलोजन म्हणतो, त्यातले पुष्कळसे दिवे हॅलोजन नसतातच. खऱ्या हॅलोजनमध्ये साध्या बल्बसारखी तार असते. ती तापते आणि उजेड देते. मैदानावरचे, कारखान्यातले, रस्त्यावरचे जे मोठे दिवे आपण वर्षानुवर्षे पाहिले, त्यांत तार नसते. त्यांत वायू असतो आणि त्या वायूतून वीज धावते. मर्क्युरी, सोडियम आणि मेटल हॅलाईड हे सगळे त्याच घराण्यातले. आपली ट्यूबलाईटही नात्याने त्यांचीच, पण स्वभावाने वेगळी.

ट्यूबमध्ये वायू अगदी विरळ असतो. बाहेरच्या हवेच्या दाबाच्या काही हजारांश इतकाच त्याचा दाब. त्यात पाऱ्याचा अंश असतो. विजेमुळे पाऱ्याची वाफ अदृश्य अतिनील किरण टाकते, आणि काचेला आतून लावलेली पांढरी पूड त्या किरणांचा उजेड करते. म्हणून चालू ट्यूबला हात लावला तरी भाजत नाही.

मेटल हॅलाईड दिव्याचे तसे नाही. बाहेरचा मोठा काचेचा फुगा हे नुसते कवच. खरा दिवा म्हणजे आतली बोटाएवढी, कधी त्याहूनही लहान नळी. ती क्वार्ट्झची किंवा चिनीमातीसारख्या पदार्थाची असते. दिवा पूर्ण तापला की या नळीतला दाब हवेच्या दाबाच्या कित्येक पट होतो, काही दिव्यांत दहा-वीस पट. नळीच्या मध्यभागी विजेची जी झगझगीत दोरी दिसते, तिचे तापमान पाच-सहा हजार अंश असते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाइतके. आणि तिथून एखादा सेंटिमीटरही दूर नसलेली नळीची भिंत असते हजार अंशांच्या आसपास. एवढ्याशा जागेत एवढा फरक! चुलीवरच्या तव्यात आणि शेजारच्या माठातही इतके अंतर नसते.

वायरमन बांधवांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. दिवा विझला त्या क्षणी आतली वाफ तापलेली आणि दाटलेली असते. इतक्या दाट वाफेतून पुन्हा ठिणगी पाडायची तर इग्नायटरच्या ताकदीबाहेरचा व्होल्टेज लागतो. म्हणून वाफ निवून दाब उतरेपर्यंत थांबावे लागते. मेटल हॅलाईडला त्यासाठी दहा-पंधरा मिनिटे लागतात. तेव्हा दोष वायरमनचा नाही. पुढच्या वेळी व्यासपीठाजवळ दोन ट्यूबलाईटी किंवा एलईडी दिवे जनरेटरवर ठेवावेत, म्हणजे भाषण अडणार नाही आणि कोणी बोलणारही नाही.

आता रंगाकडे येऊ. नुसत्या पाऱ्याचा उजेड निळसर-हिरवट असतो, त्यात तांबडा रंग जवळजवळ नसतोच. जुन्या मर्क्युरी दिव्याखाली जिवंत माणसाचा चेहराही आजारी दिसे, भाजीवाल्याकडचा टोमॅटो काळपट वाटे, ते यामुळेच. १९६० च्या दशकात यावर तोड निघाली. पाऱ्याच्या जोडीला सोडियम, थॅलियम, स्कँडियम, डिस्प्रोसियम अशा धातूंची आयोडाईडे थोडीशी, काही मिलिग्रॅमच, नळीत घालायची. हे धातू नुसते घातले तर पुरेशी वाफ होत नाही, शिवाय त्यांतले काही क्वार्ट्झलाच खातात. आयोडीनशी जोडलेले असले की त्यांची वाफ पुरेशी होते. ती वाफ मधल्या प्रचंड उष्णतेत गेली की धातू आणि आयोडीन सुटे होतात. सुटा धातू आपापल्या रंगाचा उजेड देतो. पुन्हा भिंतीजवळच्या थंडाव्यात आले की दोघे परत जोडले जातात. दिवा जळत असतो तोवर ही ताटातूट आणि भेट अखंड चालू असते. पाऱ्याच्या उजेडात जे रंग कमी पडत होते ते धातू भरून काढतात, आणि उजेड पांढरा दिसतो.

अडचण उभी करते ते गुरुत्वाकर्षण. गरम हवा वर जाते हे चुलीपाशी बसणाऱ्या प्रत्येक माउलीला ठाऊक आहे. खरे म्हणजे थंड आणि जड हवा खाली ओढली जाते आणि गरम हवेला वर ढकलते. पृथ्वीची ओढ नसेल तर जड काय आणि हलके काय, कोणी वर जाणार नाही. नळीत नेमके हेच घडते. मधली तापलेली वाफ वर चढते, भिंतीजवळची थंड वाफ खाली उतरते. नळी आडवी ठेवली तर विजेची दोरी मधोमध सरळ राहत नाही, ती कमानीसारखी वर वाकते. या प्रकाराला इंग्रजीत आर्क, म्हणजे कमान, म्हणतात ते त्यामुळेच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हंफ्री डेव्ही यांनी लंडनमध्ये कोळशाच्या दोन कांड्यांमध्ये ही ज्वाला पेटवून दाखवली, तेव्हा ती अशीच वर वाकलेली होती. म्हणजे दिव्याच्या नावातच पृथ्वीची ओढ बसलेली आहे. पण ते नाव घेताना कोणाच्या ध्यानात येत नाही!

आडव्या ठेवायच्या नसलेल्या दिव्यात ही कमान नळीच्या वरच्या भिंतीला जास्त भाजते. उभ्या दिव्यात दुसरीच गंमत होते. धातूचे आयोडाईड भिंतीजवळ जास्त असते आणि मध्यात कमी. कारण मध्यातले सुटे अणू लहान आणि चपळ, ते भराभर बाहेर पसरतात. भिंतीकडून आत येणारे जोडलेले रेणू मोठे आणि मंद. त्यामुळे भिंतीलगतची वाफ धातूने श्रीमंत होते, आणि भिंतीलगतची वाफ तर सतत खाली उतरत असते. ती धातूलाही सोबत खाली नेते. परिणाम असा, की नळीच्या खालच्या भागात धातू गोळा होतो आणि वरच्या भागात मुख्यतः पारा राहतो. खालचा भाग पांढरा, वरचा निळसर-हिरवट. एकाच दिव्याचे दोन रंग!

दिव्याची आखणी करणारे लोक ही वाटणी जमेस धरूनच नळीचा आकार आणि मापे ठरवतात. म्हणून खोक्यावर उभा-आडव्याची खूण असते. ठेकेदार खूण न पाहता लावतो, तेव्हा नळीचा गरम भाग आणि थंड भाग यांच्या जागा बदलतात, आयोडाईडची वाफ कमी-जास्त होते आणि रंग बिघडतो. दिव्याचे आयुष्यही घटते. हे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर.

ही वाटणी टाळायची तर ती नेमकी किती आणि कशामुळे होते ते मोजायला हवे. त्यात पेच असा, की नळीत दोन गोष्टी एकाच वेळी चालतात. एक, अणूंचे आपोआप पसरणे. दोन, ओढीमुळे होणारे वाफेचे चक्र. दोन्हींचा एकमेकांत इतका गुंता, की कोणाचा किती वाटा ते जमिनीवर बसून सांगता येत नाही. चक्र थांबवून नुसते पसरणे पाहायचे तर पृथ्वीची ओढ बाजूला काढायला हवी. ती स्विच दाबून बंद होत नाही.

मग अवकाशात तरी ती बंद असते का? इथे एक गैरसमज दूर करतो. अवकाशस्थानक पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर फिरते. तिथे पृथ्वीची ओढ इथल्यापेक्षा जेमतेम दहावा हिस्सा कमी असते. तरीही तिथे माणसे तरंगतात, कारण ते सारे स्थानकच सतत पडत असते. ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगाने पुढे जात असल्यामुळे ते पृथ्वीवर न आदळता तिच्याभोवती पडत राहते. लिफ्ट एकदम खाली सुटली तर पोटात खड्डा पडल्यासारखे होते ना, तो क्षण तिथे संपतच नाही. आतली माणसे, भांडी, वाफ सगळे एकाच वेगाने पडत असते, म्हणून कोणाचे वजन कोणाला जाणवत नाही. याला वजनरहित अवस्था म्हणतात.

अशा अवस्थेत मेणबत्ती पेटवून पाहिली आहे. १९९२ साली कोलंबिया यानात हा प्रयोग झाला. आपल्या ओळखीची लांबट, पिवळी, टोकदार ज्योत तिथे नव्हतीच. तिथे होती फिकट निळी, गोल घुमटासारखी ज्योत. गरम हवा वर जात नाही, त्यामुळे ज्योतीला वर ओढणारे कोणी नाही. विजेच्या दिव्यातल्या कमानीचेही तसेच काही होत असेल, हे ओघाने आले.

आता त्या पहिल्या दिव्याची हकीकत.

३ फेब्रुवारी १९८४ रोजी चॅलेंजर हे अमेरिकन यान फ्लोरिडाहून निघाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपले राकेश शर्मा रशियन यानातून गेले, म्हणजे जुन्या वाचकांना तो काळ आठवेल. चॅलेंजरची ती फेरी गाजली ती ब्रूस मॅककँडलेस यांच्यामुळे. कसलीही दोरी न बांधता, पाठीवर यंत्र घेऊन ते यानापासून दूर तरंगत गेले. तो फोटो जगभर छापला गेला. पण त्याच यानाच्या मालवाहू भागात पाच पिंपे बसवलेली होती, त्यांचा फोटो कोणी छापला नाही. नासाची ही स्वस्तातली योजना होती. लहान प्रयोगासाठी ३ हजार डॉलर, मोठ्यासाठी १० हजार डॉलर भरून शाळा, कॉलेज, कारखाना, कोणीही आपला प्रयोग बंद पिंपात घालून पाठवू शकत असे. त्या पाचांतले एक पिंप दिवे बनवणाऱ्या एका अमेरिकन उद्योगाच्या प्रयोगशाळेचे होते, तिचे नाव जीटीई. प्रश्न साधाच होता. पृथ्वीची ओढ नसली तर दिव्यातल्या कमानीचा आकार कसा होतो?

त्या पाचही पिंपांची मुख्य जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांचे नाव डॉ. रोनाल्ड मॅकनेअर. अवकाशात जाणारे ते दुसरे आफ्रिकन-अमेरिकन. पहिले गायन ब्लूफोर्ड आदल्याच वर्षी, १९८३ मध्ये, गेले होते.

मॅकनेअर यांचा जन्म १९५० साली दक्षिण कॅरोलिनातल्या लेक सिटी या छोट्या गावात झाला. वडील मोटारी दुरुस्त करीत, आई शाळेत शिकवीत असे. त्या प्रदेशात तेव्हा काळ्यांची आणि गोऱ्यांची शाळा वेगळी, नळ वेगळा, बसमधली जागा वेगळी. आपल्या वाचकांना याहून जास्त सांगायची गरज नाही. १९५९ साली आठ-नऊ वर्षांचा रोनाल्ड एकटा चालत गावच्या सार्वजनिक वाचनालयात गेला आणि विज्ञानाची पुस्तके काढून टेबलाशी आला. ग्रंथपाल बाईने पुस्तके द्यायचे नाकारले. ते वाचनालय काळ्यांसाठी नव्हते. पोरगा निघून गेला नाही. पुस्तके घेतल्याशिवाय जाणार नाही असे सांगून तो तिथेच टेबलावर चढून बसला, पाय लोंबते ठेवून. बाईने पोलिसांना फोन केला, त्याच्या आईलाही बोलावणे गेले. दोन पोलीस आले. पाहतात तो दंगा नाही, मारामारी नाही, एक किडकिडीत पोर पुस्तकांसाठी बसले आहे. शेवटी पुस्तके त्याला मिळाली. ही हकीकत त्यांचे भाऊ कार्ल यांनी पुढे जाहीरपणे सांगितली आहे.

तोच मुलगा १९७१ साली उत्तर कॅरोलिनातल्या कृष्णवर्णीयांच्या एका नामांकित विद्यापीठातून पदवीधर झाला आणि १९७६ साली एमआयटीतून पीएच.डी. झाला. विषय लेसरचा, म्हणजे उजेडाचाच. १९७८ साली नासाने अंतराळवीर म्हणून निवडले. त्या १९८४ च्या फेरीत यानाचा लांब यांत्रिक हातही त्यांनी चालवला, आणि सवड काढून सॅक्सोफोनही वाजवला! दिव्यांच्या पिंपाचे बटन दाबणे हे त्यांच्या कामांतले लहानसे काम. पण उजेडाचा अभ्यास केलेला माणूस त्या जागी होता, हे मला महत्त्वाचे वाटते.

२८ जानेवारी १९८६ रोजी ते पुन्हा चॅलेंजरमधून निघाले. उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यानाच्या ठिकऱ्या उडाल्या. सातही जण गेले. मॅकनेअर पस्तीस वर्षांचे होते. लेक सिटीतल्या ज्या वाचनालयात त्यांना पुस्तके नाकारली होती, त्या इमारतीला आज त्यांचेच नाव आहे. तिथे त्यांचे स्मृतिकेंद्र आहे. अमेरिकेत त्यांच्या नावाची एक सरकारी योजनाही आहे. घरात पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या, गरीब घरच्या मुलामुलींना पीएच.डी.पर्यंत जाण्यासाठी ती मदत करते. आपल्याकडची जी मुले परदेशी शिक्षणाची माहिती विचारतात, त्यांनी हे नाव वहीत लिहून ठेवावे. योजना अमेरिकेतल्या मुलांसाठी आहे, पण तिची आखणी पाहण्यासारखी आहे.

दिव्यांकडे परत येऊ. दुसरा मोठा प्रयोग वीस वर्षांनी झाला. हॉलंडमधल्या आइंडहोवन इथे दिव्यांचा धंदा जुना आहे आणि तिथले तंत्रविद्यापीठही या विषयात नामांकित आहे. तिथल्या संशोधकांनी पाऱ्याच्या जोडीला डिस्प्रोसियमचे आयोडाईड घातलेले दिवे तपासायला घेतले. आधी त्यांनी विमानातल्या प्रयोगांचा मार्ग धरला. विमान उंच चढवून कमानीसारखे खाली सोडले की आत वीसेक सेकंद वजनरहित अवस्था मिळते. पण दिव्यातल्या वाफेला नव्याने पसरून स्थिर व्हायला वीस सेकंद पुरत नाहीत. भात शिजायच्या आत चूल विझवल्यासारखे ते झाले.

म्हणून १९ एप्रिल २००४ रोजी डच डॉक्टर आंद्रे कायपर्स रशियन सोयूझ यानातून अवकाशस्थानकाकडे निघाले, तेव्हा त्यांच्या कामांच्या यादीत या दिव्यांचाही प्रयोग होता. त्याचे नाव आर्जेस. दिव्यात पारा. स्थानकात एक नळी फुटली तर खिडकी उघडता येत नाही. म्हणून प्रयोग बंद पेटीत, बाहेरून हातमोजे घालून करायचा. एकामागून एक दिवे पेटवायचे, स्थिर होऊ द्यायचे आणि त्यांच्या उजेडाचा वर्णपट नळीच्या मध्यापासून कडेपर्यंत टिपायचा. कोणत्या जागी कोणता रंग किती, यावरून कुठे धातूचे अणू किती ते कळते. ३० एप्रिलला कायपर्स पृथ्वीवर परतले.

निकाल असा. स्थानकात वर आणि खाली हा भेदच नाहीसा झाला. नळीच्या दोन्ही टोकांना धातूचे प्रमाण सारखे. मात्र मध्यात कमी आणि भिंतीकडे जास्त हा फरक राहिलाच, कारण तो अणूंच्या पसरण्याचा, ओढीचा नव्हे. म्हणजे गुंत्यातला एक धागा वेगळा निघाला आणि मोजता आला. मग त्याच मंडळींनी जमिनीवर उलटा प्रयोग केला. दिवा गरगर फिरणाऱ्या यंत्राला बांधून त्यांनी त्याला पृथ्वीच्या ओढीच्या दहापटीपर्यंत ओढ दिली. वाटेल की ओढ वाढली तर वाटणी वाढतच जाईल. तसे होत नाही. आधी वाढते आणि मग कमी होऊ लागते.

हे कोडे घरातल्या सुपाने सुटते. सुपात खडे असलेले तांदूळ घ्या. सूप हलवलेच नाही तर खडे होते तिथेच राहतात. बेताने घोळले तर खडे एका बाजूला आणि तांदूळ दुसऱ्या बाजूला होतात. आणि वेड्यासारखे हलवले तर सगळे पुन्हा एकत्र. दिव्यातल्या वाफेचे चक्र हे ते हलवणे. अवकाशात ते नाही, म्हणून वर-खाली वाटणी नाही. दहापट ओढीत ते इतके जोराचे, की सगळे मिसळून जाते. आणि आपल्या पृथ्वीवरची ओढ अशा दिव्यांसाठी नेमकी बेताने घोळण्याच्या जवळपासची! नवीन दिव्याची आखणी संगणकावर करताना हे आकडे पडताळ्यासाठी कामाला येतात.

आता बांधवांच्या तिसऱ्या प्रश्नातला राग. तो मला पटतो, पण पुरता नाही. त्या काळात जगातल्या एकूण विजेचा साधारण पाचवा हिस्सा नुसत्या उजेडासाठी जात होता. दिवा थोडा जरी सुधारला तरी केवढा कोळसा वाचतो, याचा हिशेब कोणीही करावा. शिवाय आभाळात दिवा नेला नसता तर ते पैसे आपल्या गल्लीत आले असते असे काही नाही. गल्लीतल्या खांबाचा अर्ज वॉर्ड ऑफिसात द्यायचा असतो. त्याची पोच घ्यायची असते आणि पोच घेऊन पुन्हा पुन्हा जायचे असते.

दुसरा आक्षेप मात्र कोणी घेतला तर मला उत्तर देणे जड जाईल. आर्जेसचे निष्कर्ष छापून होतात न होतात तोच एलईडी आले. निळ्या एलईडीच्या शोधासाठी तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल मिळाले. २०१५ पासून आपल्या सरकारनेही रस्त्यावरचे दिवे बदलायची योजना काढली. एलईडीत उजेड घन पदार्थातून येतो. वायू नाही, कमान नाही, वर-खाली नाही. विझला तर त्याच क्षणी पुन्हा लागतो. खुद्द अवकाशस्थानकातही आधी ट्यूबलाईटच्या जातीचे दिवे होते. त्यांतला वायू विरळ असल्याने त्यांचे तिथे काही अडले नाही. पण २०१६ पासून त्यांच्या जागीही एलईडी बसू लागले. मग ती सारी मेहनत फुकट गेली का? मला तसे वाटत नाही. तापलेला वायू आणि वीज यांचे गणित दिव्यापुरते नसते, वेल्डिंगपासून कितीतरी कामांत ते लागते. तरी इतके खरे, की ज्या दिव्यासाठी एवढे केले त्या दिव्याचे दिवस संपत आले होते.

जुने दिवे उतरवण्याचे काम मात्र आपल्याच माणसांच्या वाट्याला येते. वायरमन, सफाई कामगार, भंगार वेचणाऱ्या बायाबापे. पाऱ्याच्या वापराविरुद्ध २०१३ साली मिनामाता करार झाला आणि २०२० नंतर मर्क्युरी दिवे बनवणे बंद करायचे ठरले. तरी उतरवलेले दिवे गोदामांत आणि भंगारात आहेतच. त्यांतला पारा काढून विकायचा म्हणून कोणी नळी फोडू नये. पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वास नाही, आणि ती मेंदूला आणि मूत्रपिंडांना बाधते. घरात ट्यूब फुटली तर खिडक्या उघडाव्यात, मुलांना बाहेर काढावे आणि दहा-पंधरा मिनिटे तिथे जाऊ नये. झाडूने झाडू नये. तुकडे जाड कागदाने गोळा करावेत, बारीक चुरा ओल्या कागदाने किंवा चिकटपट्टीने टिपावा आणि सारे बरणीत बंद करावे. मुलांनी पाऱ्याच्या गोळ्यांशी अजिबात खेळू नये.

दुसरी सूचना खास वायरमन बांधवांना. मर्क्युरी किंवा मेटल हॅलाईडचा बाहेरचा फुगा फुटला तरी आतली नळी काही वेळा जळत राहते. उजेड येतो, म्हणून कोणी लक्ष देत नाही. पण फुगा अडवीत असलेले अतिनील किरण आता सरळ बाहेर येतात. अशा दिव्याखाली संध्याकाळभर कबड्डी पाहणाऱ्यांचे डोळे रात्री वेल्डिंग बघितल्यासारखे चुरचुरतात, कातडी भाजते. फुगा फुटलेला दिसला की आधी मेन स्विच बंद करावा, मग शिडी लावावी.

आणि दहावीतल्या त्या मुलासाठी एक घरगुती प्रयोग. घरात जुनी सीडी असेल तर ती अंधारात हातात धरून चकचकीत बाजूने ट्यूबलाईटचे प्रतिबिंब पाहा. थोडी तिरकी करत गेलात की रंगाचे पट्टे दिसतील, पण सलग नाहीत. हिरवा वेगळा, निळा वेगळा, मध्ये अंधार. तो सुटा हिरवा आणि निळा पाऱ्याचा. मग तीच सीडी एलईडीसमोर धरा. दोन्हींत काय फरक दिसला ते वहीत रंगीत पेन्सिलीने काढून, जमल्यास या सदराकडे पाठवून दे. सूर्याकडे मात्र सीडी धरू नकोस.